दोघांचं आवार

रखवालदारानं अडसर निम्मा वर केला आणि तसाच धरून ठेवला. "सर, तुमची ही रोजची कटकट आता संपली म्हणायची," तो म्हणाला. "व्हॉलीबॉलच्या जुन्या मैदानावर गाड्यांसाठी इमारत बांधायचं घाटतंय. चार मजली. मग एकटे या, दुकटे या, कोण विचारतंय." एवढं सांगूनही सवयीनं तो वाकला, काचेतून आत पाहून दोन डोकी आहेत याची खात्री करून घेतली, "वहिनी, नमस्कार" म्हणाला, आणि मगच अडसर पुरता वर गेला. गाडी मातीसर चालवत होता. स्थापत्य विभागात मातीचं शास्त्र शिकवायचा म्हणून विद्यार्थ्यांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं, आणि खरं नाव आता विभागाच्या पाटीवर काय ते उरलं होतं. "छान झालं की," तो रखवालदाराला म्हणाला. म्हणताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं झालं. जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात आणि पाय आणखी एक पायरी शोधतो, तसं. त्यानं गाडी भिंतीकडेच्या जागेत घातली. शेजारी बसलेली ती म्हणाली, "होईल तेव्हा खरं." मग मांडीवरची पिशवी छातीशी धरून, अंग चोरून, ती दार आणि भिंत यांच्यातल्या फटीतून बाहेर पडली आणि वनस्पतिशास्त्राच्या इमारतीकडे चालू लागली. तिथे ती वाळवलेल्या झाडपाल्याचा संग्रह सांभाळायची. कागदावर चिकटवलेली पानं, फुलं, शेंगा, आणि कीड लागू नये म्हणून प्रत्येक कपाटात डांबरगोळ्या. तो वास तिच्या कपड्यांना, केसांना असायचा आणि ती उतरून गेल्यावर गाडीत राहायचा. दोघांचा घटस्फोट होऊन बराच काळ लोटला होता. रखवालदाराला ते माहीत नव्हतं, आणि त्याला सांगावं असं दोघांपैकी कोणालाच कधी वाटलं नव्हतं.

या विद्यापीठात ज्यानं कधी गाडी लावली नाही त्याला हे सगळं क्षुल्लक वाटेल. विद्यापीठ बांधलं तेव्हा प्राध्यापक सायकलवरून यायचे आणि विद्यार्थी पायी. मग सायकली गेल्या, गाड्या आल्या, मोकळ्या जागांवर नवे विभाग उभे राहिले आणि गाड्यांची जागा होती त्याहून कमी झाली. पहिल्या तासाच्या बऱ्याच आधी आलं तर झाडाखाली लावता यायची, थोड्या वेळानं आलं तर उन्हात, आणि त्यानंतर आलं तर नशिबावर हवाला. एकदा मिळालेली जागा कोणी सोडत नसे. जेवायला घरी जाणं लोकांनी बंद केलं, दाताचं दुखणं सुट्टीपर्यंत अंगावर काढलं. कोणी हातात किल्ल्या घेऊन इमारतीबाहेर पडला की एखादी गाडी त्याच्या मागोमाग, त्याच्याच चालीनं, गुपचूप सरकू लागायची. तो नुसताच पत्र टाकायला आलेला असला आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरला, तर बंद काचेआडच्या शिव्या ऐकू आल्या नाहीत तरी ओठांवरून कळायच्या. पदार्थविज्ञानाचे एक वयस्कर प्राध्यापक सकाळभर आवारात गोल गोल फिरताना दिसत. त्यांना सगळे घिरट्यासर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तेही ओ देत. इतिहासवाले आणि रसायनवाले एरवी एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण 'आज कुठे लावली' हा विषय निघाला की गळ्यात गळे घालून बोलत. त्यातल्या त्यात मोक्याची जागा म्हणजे ग्रंथालयामागचं फरसबंद आवार. तिथे जागेवरून दोन प्राध्यापक हमरीतुमरीवर आले तेव्हा कुलसचिवांनी हात टेकले आणि नियम काढला, की या आवारात तीच गाडी येईल जिच्यात विद्यापीठाची निदान दोन माणसं असतील. गाड्या निम्म्या होतील अशी त्यांची कल्पना. लोकांनी आधी डोकी लढवली. गणिताच्या एकानं सासऱ्यांना शेजारी बसवून आणलं आणि निवृत्त ग्रंथपाल म्हणून खपवलं. सासरे दिवसभर वाचनकक्षात वर्तमानपत्रं चाळत बसत. त्यांना ते इतकं मानवलं की जावई रजेवर असला तरी ते बसनं येऊ लागले. मग रखवालदार ओळखपत्रं बघायला लागला आणि हे प्रकार थांबले. आवाराला मात्र नाव पडलं ते पडलंच, दोघांचं आवार.

वेगळं झाल्यावर एक सत्रभर ती बसनं यायची आणि तो एकटा गाडीनं. त्या सत्रातलं त्याला मुख्यतः फिरणंच आठवतं. प्रशासकीय इमारतीला वळसा, मुलांच्या वसतिगृहाला वळसा, पुन्हा प्रशासकीय इमारत. पुढे घिरट्यासरांची गाडी, मागे कोणाची तरी. आणि वर दुसऱ्या मजल्यावर त्याचा वर्ग खिडकीत उभा राहून त्याचं फिरणं बघतोय. एकदा त्याला वाटलं होतं की आपण गाडी अशीच चालू ठेवावी, फाटकातून बाहेर काढावी आणि पेट्रोल संपेल तिथे उतरावं. तिथे उतरून काय करायचं हे सुचलं नाही म्हणून त्यानं तसं केलं नाही. त्याच आठवड्यात ती त्याला कँटीनच्या वाटेवर भेटली. कोर्टानंतर प्रथमच इतक्या जवळून. ती म्हणाली, "तुला जागा मिळत नाही, मला बस मिळत नाही. सकाळी मला घेत जा. दोघांच्या आवारात लावू." त्यानं क्षणभर विचार केला. तिची नवी खोली त्याच्या वाटेवरच होती, दोघांच्या वेळाही जुळत होत्या, आणि नियमात हे बसत होतं. "सोयीचं आहे," तो म्हणाला. "हो ना," ती म्हणाली, "सोयीचंच आहे." पुढच्या सोमवारी ती तिच्या इमारतीखाली, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर पिशवी घेऊन उभी होती.

तो कारणांचा माणूस. भिंतीला तडा गेला की लोक त्याला बोलावत, आणि तो भिंतीकडे न बघता आधी पायाशी वाकून माती चिमटीत घ्यायचा. तडा वर दिसतो, कारण खाली असतं, हे त्यानं जन्मभर शिकवलं. संसारातही त्यानं तेच केलं. ती एकदा म्हणाली होती, "मला या घरात फार एकटं वाटतं रे." त्यानं हातातलं पुस्तक मिटलं होतं आणि अगदी मनापासून विचारलं होतं, "कधी वाटतं जास्त? सकाळी की संध्याकाळी?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. वेळ कळली तर काही करता येईल. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली, खूप हसली, डोळे पुसेपर्यंत. त्याला वाटलं बरं वाटतंय तिला. आणि शेवटी, लेक शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला गेल्यावर, तिनं जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं की मी वेगळी राहणार आहे, तेव्हा त्यानं कारण विचारलं. "कारण असं काही नाही," ती म्हणाली. तो थांबला. त्याला वाटलं, आता सांगेल, मग सांगेल. सामान न्यायला ट्रक आला त्या सकाळीसुद्धा, कपाट उतरवणाऱ्या हमालांना वाट करून देत, तो कारणाचीच वाट बघत होता. नंतर बरेच महिने त्यानं आपल्या परीनं शोध घेतला. दारू नाही, दुसरी बाई नाही, मारहाण नाही, पैशाची ओढाताण नाही. असा माणूस नापास कसा होतो याचं त्याला नवल वाटे, आणि नवल ओसरलं की उरत असे ते दुःख होतं, हेही त्याला उशिराच कळलं.

गाडीतल्या त्या सकाळच्या वेळेत ते दोघं बोलायचे ते पार्किंगबद्दल. कोणी ठरवलं नव्हतं, पण जुन्या घराचा विषय कोणी काढत नसे. काल तत्त्वज्ञानवाल्यांनी रुग्णवाहिकेच्या जागेत गाडी लावली आणि वर वाद घातला की रिकामी जागा कोणाचीच नसते. संगीत विभागाच्या बाईंनी गाडी लावून चाक काढून नेलं, म्हणजे कोणी हलवायला नको. ती हे फार छान सांगायची. घरात होती तेव्हाही सांगत असावी. पण घरात त्याच्या पुढ्यात नेहमी काहीतरी वाचायला असायचं. इथे हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, कान मोकळे. कधी ती बोलता बोलता झोपायची. सिग्नलला थांबताना तो ब्रेक इतका हळू दाबायचा की मागचे भोंगे वाजवत. तिचं डोकं खिडकीकडे कललेलं असे, तोंड थोडं उघडं, आणि मांडीवरच्या पिशवीवर हात तसेच घट्ट. लग्नाच्या इतक्या वर्षांत आपण हिला झोपलेली कधी पाहिली होती का, असा प्रश्न त्याला पडायचा. पाहिली असणारच. लेक फोनवर थट्टा करायची, "बाबा, तुमचं दोघांचं नक्की काय आहे ते एकदा ठरवा. घटस्फोट आहे की शेअर टॅक्सी?" तो म्हणायचा, "अगं, तिथे नियमच तसा आहे." आणि नियम होताच. म्हणून तर रखवालदाराचं ते वाक्य त्याला लागलं. चार मजली इमारत झाली की नियम जाईल. नियम गेला की ती शेजारी बसणार नाही. बसायला तिला काही कारण उरणार नाही. संबंध विद्यापीठ ज्या दिवसाची वाट बघत होतं त्याची भीती वाटणारा तिथे तो एकटाच होता.

आणि घोडं नेमकं त्याच्यापाशीच येऊन अडलं. कुलसचिवांनी समिती नेमली आणि त्याला बोलावून घेतलं. समितीत घिरट्यासर होते, मैदान जाणार म्हणून तोंड पाडून बसलेले क्रीडासंचालक होते, लेखाविभागाचा एक माणूस होता. कुलसचिव म्हणाले, "पैसे मंजूर आहेत. आराखडा तयार आहे. आता मातीसर, तुम्ही तेवढं सांगा, जमीन चार मजले पेलते की नाही. तुमचा शब्द शेवटचा." क्रीडासंचालक पटकन म्हणाले, "तिथे पाणी साचतं हो. आमची पोरं घसरून पडतात." घिरट्यासरांचं लक्षच नव्हतं. ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते, कारण त्यांनी गाडी दुसऱ्याच्या गाडीपुढे आडवी लावली होती आणि अडकलेल्यानं भोंगा दिला की त्यांना पळावं लागणार होतं. "बघतो," मातीसर म्हणाला. त्या एका शब्दासाठी सगळ्यांनी त्याच्याकडे इतक्या आशेनं पाहिलं की त्याला अवघडल्यासारखं झालं.

मैदानात भोकं पाडून झाली. नळ्यांतून मातीचे नमुने वर आले आणि प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर ओळीनं आडवे पडले. यंत्रं होती, साहाय्यक होते, तरी काही गोष्टी तो स्वतः करायचा. ओल्या मातीचा गोळा काचेवर ठेवायचा आणि तळहातानं वळत वळत त्याची वळी करायची, बारीक, आणखी बारीक, तुटेपर्यंत. कधी तुटते यावरून माती किती चिकण ते कळतं. हे करताना त्याचं मन शांत होई. माती काही लपवत नाही, तिला विचारलं की ती सांगते, आणि सांगितलेलं त्याला समजतं. मैदानातली माती चांगली होती. खाली मुरूम, त्याखाली खडक, चार काय सहा मजले उभे राहिले असते. फक्त एका कोपऱ्यातल्या नळीत, अगदी वरच्या भागात, वीतभर जाडीचा काळ्या मातीचा थर निघाला. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आक्रसते, आणि वर जे काही असेल त्याला हलवत बसते. हा थर पाया खणताना आपोआप निघून जाणार होता, एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानंही ते सांगितलं असतं. तो त्या नळीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं अहवालाच्या शेवटी वाक्य टाकलं, की मैदानात काळ्या मातीचा थर आढळल्यामुळे भूजलाचे वर्षभर निरीक्षण करून मगच पुढील निर्णय घेणे इष्ट ठरेल. वाचून पाहिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. याला कोणी हरकत घेणार नाही. मातीचा माणूस सावध असतो हे सगळ्यांना पसंत असतं. वर्षभरात मंजूर पैसे दुसरीकडे वळतील, कुलसचिव बदलतील, नव्यांना नवं खूळ सुचेल. त्याला आनंद झाला. स्वच्छ, पोरकट आनंद, शाळा अचानक सुटल्यासारखा. आणि मग लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले. त्यानं कागद टंकलेखनाला दिला नाही, खणात ठेवला आणि हात धुतले. नखातली माती निघायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "घिरट्यासरांच्या बायकोचं कळलं का तुला?"

"काय?"

"अंथरुणाला खिळल्यायत. शेवटचंच म्हणतात. काल ते आमच्या विभागात आले होते, नुसतेच बसले. मी विचारलं, दुपारी घरी जाऊन येता ना? तर म्हणाले, कसा जाऊ, एकदा गाडी काढली की परत जागा नाही, आणि दुपारचं प्रात्यक्षिक माझंच असतं. शेजारीण बघते म्हणे त्यांच्याकडे."

"टॅक्सीनं जावं त्यांनी," तो म्हणाला.

"तू टॅक्सी सुचवणार हे मला माहीतच होतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती काचेतून बाहेर बघत होती. "घर केवढं लांब आहे त्यांचं. आणि सुचत नाही रे माणसाला अशा वेळी. त्यांनी आयुष्यभर एकच केलंय, जागा धरून ठेवायची. आता तेच करतायत." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुझ्या अहवालाकडे डोळे लावून बसलेत ते. मैदान त्यांच्या विभागासमोरच आहे ना. माती कशी आहे?"

"आहे चांगली," तो म्हणाला.

हे त्याच्या तोंडून सहज निघून गेलं. मातीबद्दल कोणी विचारलं आणि त्यानं वेगळं काही सांगितलं असं कधी झालं नव्हतं, आणि तिनं विचारल्यावर तर नाहीच. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की खणातल्या कागदाचा आता काही उपयोग नाही. निदान या गाडीत बसून तरी नाही. "मग चांगलंच झालं," ती म्हणाली. "मी गाडी शिकायला नाव घालते. लहानशी घेईन एखादी, जुनी मिळाली तरी चालेल. किती दिवस तुला त्रास." त्याला म्हणायचं होतं की त्रास नाही. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागून भोंगा वाजला. प्रयोगशाळेत पोचल्यावर त्यानं खण उघडला, ते वाक्य खोडलं, त्या जागी 'पाया खणताना सदर थर काढून टाकावा' असं लिहिलं आणि कागद टंकलेखनाला पाठवून दिला. आपण काही मोठं केलं असं त्याला वाटलं नाही. थोडा रागच आला, घिरट्यासरांचा, त्यांच्या बायकोचा, आणि ज्या जमिनीनं थोडं खराब निघायला हरकत नव्हती तिचा.

इमारत वर्षभर वाढत राहिली. दोघांच्या आवारातून ती दिसायची, म्हणून रोज सकाळी गाडी बंद केल्यावर दोघं थोडा वेळ तिच्याकडे बघत बसत. आधी खड्डा, मग खांब, मग पहिल्या मजल्याचं छत. ती कौतुकानं म्हणायची, "काय भरभर करतायत." तो मान हलवायचा. घिरट्यासरांची बायको पहिला मजला व्हायच्या आत गेली. चौथ्या दिवशी ते कामावर आले आणि पुन्हा गोल गोल फिरू लागले, आता घाई नसल्यासारखे, हळू. कधी जागा रिकामी दिसली तरी पुढे निघून जायचे. ती गाडी चालवायला शिकली. संध्याकाळी शिकवणीच्या गाडीत बसून जायची आणि सकाळी त्याला सांगायची, "काल मी एका हत्तीएवढ्या ट्रकला वाट दिली नाही." तो गाडी चालवता चालवता चढावर क्लच कसा सोडायचा ते समजावून सांगायचा, आणि सांगता सांगता त्याला वाटायचं की आपण हिला आपल्यापासून लांब कसं जायचं ते शिकवतोय. मग तो आणखी नीट समजावून सांगायचा. एका रविवारी तिनं फोन करून गाडी बघायला बोलावलं. राखाडी रंगाची, लहान, एकाच माणसानं वापरलेली गाडी. त्यानं इंजिन ऐकलं, टायर दाबून पाहिले, खाली वाकून गंज बघितला. कुठेही खोट काढण्यासारखं नव्हतं. "घे," तो म्हणाला.

इमारत उघडली त्या आठवड्यात विद्यार्थ्यांना सुट्टीच होती. परीक्षा संपल्या होत्या, वर्ग सुरू व्हायचे होते. दोघांच्या आवारातला अडसर काढून टाकला होता. तिथे आता तिच्या विभागाची रोपवाटिका येणार होती. रखवालदाराला नव्या इमारतीच्या तोंडाशी खुर्ची मिळाली होती. त्यानं बसल्या बसल्या हात हलवला, वाकून काही पाहिलं नाही. तिची गाडी दुसऱ्या दिवशी ताब्यात येणार होती. "वर जाऊ या का?" ती म्हणाली. "बघू तरी कसं दिसतं." तो वळणं घेत घेत वर गेला. पहिल्या मजल्यावर तुरळक गाड्या होत्या, दुसऱ्यावर त्याहून कमी, आणि सगळ्यात वरचा मजला पूर्ण रिकामा. नव्या सिमेंटचा आणि रंगाचा वास. पांढऱ्या रेघांचे चौकोन या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकालाही चाक लागलेलं नाही. कठड्यापलीकडे ग्रंथालयाचं छत, झाडांचे शेंडे. त्यानं गाडी मधोमध एका चौकोनात उभी केली आणि बंद केली. इंजिन थांबल्यावर खूप शांत झालं. इतक्या जागेत कुठे लावायची हे ठरवताना आपण गोंधळलो होतो, असं त्याला सांगावंसं वाटलं, पण ते त्यानं सांगितलं नाही.

तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. तो म्हणाला, "उद्यापासून, म्हणजे, गाडी आहेच तुझी. पण मी येत जाऊ का? नेहमीसारखा?"

"कशाला?" ती म्हणाली.

हे तिनं तोडून विचारलं नव्हतं. मुठीवरचा हात तिनं काढून घेतला, पिशवी पुन्हा मांडीवर नीट ठेवली आणि त्याच्याकडे वळून बसली. तिला घाई नव्हती. आज खूप दिवसांनी तिचा चेहरा त्याला समोरून दिसत होता. एरवी दिसायची ती बाजू, आणि तीही डोळ्याच्या कोपऱ्यातून. कानाशी केस पुष्कळ पांढरे झाले होते. तिला उत्तर हवं होतं, हे त्याला कळलं. उत्तर त्याच्याकडे होतंही. तो प्रवास सुरू झाला त्या सोमवारपासून होतं, कदाचित त्याच्याही आधीपासून. ते त्याच्या घशापर्यंत आलं, आणि मग सवयीनं त्यानं ते बाहेर काढण्याआधी तपासून पाहिलं, की हे कारण होईल का, याला काही आधार आहे का, कोणी हरकत घेतली तर टिकेल का. टिकणार नाही असं त्याला वाटलं. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून हाताशी होतं ते त्यानं बोलून टाकलं.

"एक जागा वाचेल," तो म्हणाला.

तिनं समोर पाहिलं. पांढऱ्या रेघा, रिकामे चौकोन, सगळा मजला. ती हसेल असं त्याला वाटलं, तिनं हसावं असं त्याला फार वाटलं. ती हसली नाही.

"हो," ती म्हणाली. "वाचेल खरी." आणि आणखी थोडा वेळ बसून राहिली, पुढे काही येतंय का ते बघत. मग तिनं पिशवी खांद्याला लावली. "नको. माझी मी येईन. तू आपला वेळेवर निघत जा, तुझे पहिले तास असतात." दार पुरतं उघडून, अंग न चोरता, ती उतरली आणि परक्याच्या गाडीचं लावावं तसं दार हलकेच लावलं. जिन्यापर्यंतचं अंतर बरंच होतं. ती चालत असताना तिच्या चपलांचा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू येत राहिला, आणि मग जिन्यात खाली खाली जात थांबला.

तो बसून राहिला. उतरायला हवं होतं, प्रयोगशाळेत नमुने आले होते. थोड्या वेळानं त्यानं रिकाम्या सीटकडे बघून ते वाक्य म्हणून पाहिलं. "मला तू शेजारी हवी असतेस," तो म्हणाला. म्हणायला ते काहीच अवघड नव्हतं.